ग्वानो ते ग्वानीन : एका नत्रयुक्त क्षारकाचा इतिहास (१८०२–१९६२)

प्रस्तावना

डीएनए आणि आरएनए या दोन्ही न्यूक्लिक आम्लांत आढळणाऱ्या नत्रयुक्त क्षारकांपैकी ग्वानीन हे सर्वांत आधी मानवाच्या हाती लागले. न्यूक्लिक आम्लांचा इतिहास सांगताना महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके सामान्यतः १८६९ हे वर्ष आरंभबिंदू मानतात. त्या वर्षी फ्रीडरिख मीशर या तरुण स्विस वैद्याने ट्यूबिंगेन येथे जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून पेशींची केंद्रके वेगळी काढली आणि त्यांतील फॉस्फरसयुक्त पदार्थाला ‘न्यूक्लीन’ असे नाव दिले. मीशरच्या कार्याचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ग्वानीन त्याच्या पंचवीस वर्षे आधीच रसायनशास्त्रज्ञांच्या परिचयाचे झाले होते. पेशीच्या केंद्रकाशी किंवा आनुवंशिकतेशी त्याचा काही संबंध असेल, अशी शंकाही तेव्हा कोणाच्या मनात नव्हती. ते सापडले समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेत, आणि ती विष्ठा युरोपच्या प्रयोगशाळांत सहज मिळू लागली ती खताच्या बाजारातील तेजीमुळे.

ग्वानीनचा इतिहास १८६९ ऐवजी पेरूच्या किनाऱ्यापासून मांडला, तर विज्ञानाच्या इतिहासाचे जे चित्र दिसते ते प्रचलित चित्राहून बरेच वेगळे आहे. प्रस्तुत लेखात ते रेखाटण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्वानो : शब्द आणि वस्तू

‘ग्वानो’ हा शब्द मूळ केचुआ भाषेतील असून ‘वानू’ म्हणजे खत म्हणून वापरली जाणारी विष्ठा, असा त्याचा अर्थ आहे. इंका राजवटीत किनाऱ्यालगतच्या बेटांवरील पक्ष्यांची विष्ठा शेतीसाठी नियमितपणे वापरली जात असे. इंका राजघराण्याशी मातृपक्षाकडून नाते असलेल्या गार्सिलासो दे ला वेगा या लेखकाने १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. त्यानुसार विणीच्या हंगामात बेटांवर पाऊल ठेवण्यास बंदी होती व पक्षी मारणाऱ्यास देहदंडाची शिक्षा होती. म्हणजेच युरोपने एकोणिसाव्या शतकात ज्याचा ‘शोध’ लावला, त्या वस्तूचे मोल अँडीज प्रदेशातील शेतकऱ्याला कित्येक पिढ्या आधीपासून ठाऊक होते.

पेरूच्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडत नाही. थंड सागरी प्रवाहामुळे तेथील समुद्रात लहान माशांची विपुलता असते आणि त्यांवर ग्वानाय नावाचे पाणकावळे, बूबी व पेलिकन हे पक्षी लाखोंच्या संख्येने जगतात. पाऊस नसल्यामुळे विष्ठेतील नत्रयुक्त द्रव्ये धुऊन जात नाहीत. पिस्को बंदरासमोरील तीन चिंचा बेटांवर हे थर काही ठिकाणी दीडशे फुटांपर्यंत जाडीचे झाले होते. पक्षी आपले नको असलेले नत्र प्रामुख्याने यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. त्याच्या सोबतीला अल्प प्रमाणात ग्वानीन असते. दोन्ही पदार्थ पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहेत, त्यामुळे कोरड्या हवेत ते दीर्घकाळ टिकून राहतात.

अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ मध्ये पेरूत असताना त्याने काय्याओ येथे ग्वानोने भरलेल्या नौका पाहिल्या. त्याने युरोपात नेलेल्या नमुन्यांचे विश्लेषण पॅरिसमध्ये फूरक्रॉय व व्होकलँ यांनी आणि बर्लिनमध्ये क्लाप्रोट यांनी केले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना त्यात सुमारे एक चतुर्थांश यूरिक आम्ल आढळले. ग्वानीन मात्र त्यांच्या हाती लागले नाही. पुढील साडेतीन दशके ग्वानो ही युरोपच्या दृष्टीने एक कुतूहलाची वस्तू राहिली.

खताची बाजारपेठ आणि रसायनशास्त्राची निकड

१८४० हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी गीसेन येथील युस्टुस फॉन लीबिग यांचा कृषिरसायनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जमिनीतून पिकाने उचललेली द्रव्ये तिला परत दिली पाहिजेत हा विचार युरोपभर पसरला. त्याच वर्षी पेरू सरकारने फ्रान्सिस्को किरोस या व्यापाऱ्याशी ग्वानो-निर्यातीचा पहिला करार केला. १८४१ मध्ये ब्रिटनमध्ये काही हजार टन माल उतरला. १८४५ मध्ये ही आयात दोन लाख टनांच्या वर गेली होती. त्या वर्षीच्या मालाचा मोठा भाग आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील इचाबो या बेटावरचा होता. १८४३ मध्ये तेथे उपसा सुरू झाला आणि दोन-तीन वर्षांतच ते बेट खरवडून निघाले.

एवढ्या महागड्या मालात भेसळ होणे स्वाभाविक होते. माती, वाळू, खडूची भुकटी असे काहीही मिसळले जाई, आणि रंग-वासावरून शेतकऱ्याला खरे-खोटे ओळखता येत नसे. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन टॉमस वे यांच्यासारख्यांना ग्वानोच्या नमुन्यांच्या तपासणीत बराच वेळ खर्च करावा लागला. ग्वानोत काय काय आहे, हा प्रश्न अशा रीतीने व्यापाराचाही प्रश्न बनला.

दुसरे एक कारण प्रयोगशाळेच्या आतले होते. वोलर आणि लीबिग यांनी १८३८ मध्ये यूरिक आम्लावरील आपले दीर्घ संशोधन प्रसिद्ध केले होते आणि या आम्लापासून मिळणाऱ्या संयुगांनी रसायनशास्त्रज्ञांना भुरळ घातली होती. तोपर्यंत शुद्ध यूरिक आम्ल हवे असल्यास प्राणिसंग्रहालयातील अजगरांच्या विष्ठेवर अवलंबून राहावे लागे. ग्वानोमुळे ही टंचाई संपली. (१८५० च्या दशकात तर ग्वानोतील यूरिक आम्लापासून म्युरेक्साइड हा जांभळा रंग व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागला, ॲनिलीन रंग आले आणि तो मागे पडला.)

या पार्श्वभूमीवर १८४४ मध्ये यूलियुस बोडो उंगर या पंचवीस वर्षांच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ग्वानोतून एक नवा पदार्थ मिळाला. प्रारंभी तो मूतखड्यांत आढळणारे झँथिक ऑक्साइड, म्हणजे आजचे झँथीन, असावे असे समजले गेले. पुढील तपासात तो निराळा ठरला आणि १८४६ मध्ये त्याला ‘ग्वानीन’ हे नाव मिळाले. त्याला वेगळे काढण्याची युक्ती साधी होती : यूरिक आम्ल सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही, ग्वानीन मात्र क्षारकधर्मी असल्यामुळे विरघळते, आणि गाळलेल्या द्रावात अमोनिया घातला की ते पांढऱ्या भुकटीच्या रूपाने खाली बसते. या भुकटीच्या रेणूत पाच कार्बन, पाच हायड्रोजन, पाच नायट्रोजन व एक ऑक्सिजन असे अणू असतात. वजनाने जवळजवळ शेकडा ४६ भाग नत्राचा.

बेटांवरील माणसे

उंगरच्या हाती आलेला ग्वानो कोणी खणला, हे कोणत्याही रसायनशास्त्रीय निबंधात नमूद नाही. तशी अपेक्षाही नसते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न टाळता येत नाही.

निर्यातीच्या पहिल्या वर्षांत चिंचा बेटांवर शिक्षा भोगणारे कैदी, सैन्यातून पळालेले शिपाई, गुलाम आणि काही मजुरीवरचे कामगार राबत होते. मागणी वाढताच हे मनुष्यबळ अपुरे पडू लागले. नोव्हेंबर १८४९ मध्ये पेरूने परदेशी मजूर आणण्यास उत्तेजन देणारा कायदा केला आणि बेटांवरील भरणीचा ठेका असलेल्या दोमिंगो एलियास याने दक्षिण चीनमधून करारबद्ध मजूर आणण्यास प्रारंभ केला. करार आठ वर्षांचा असे. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे नव्वद हजार ते एक लाख चिनी मजूर पेरूत आणले गेले. त्यांतील बहुसंख्य किनाऱ्यावरील ऊस व कापसाच्या मळ्यांत गेले. बेटांवर एका वेळी काही शेच असत. पण बेटांवरील कामाची कुप्रसिद्धी सर्वांत अधिक होती.

त्या कुप्रसिद्धीचे कारण बेटाला भेट दिलेल्या प्रवाशांच्या व जहाजांवरील लोकांच्या वृत्तांतांतून कळते. प्रत्येक मजुराला दररोज चार ते पाच टन ग्वानो कुदळीने फोडून ढकलगाडीने कड्यापर्यंत न्यावा लागे. तेथून तो कापडी नळ्यांतून खाली उभ्या असलेल्या जहाजांत सोडला जाई. हवेत अमोनिया व तिखट धूळ भरलेली असे. जहाजाच्या तळात माल पसरणाऱ्यांना तर नाका-तोंडाला फडकी बांधूनही काही मिनिटांपलीकडे टिकाव धरता येत नसे. नेमून दिलेले काम पुरे न झाल्यास फटके बसत. बेटांवर गोड्या पाण्याचा थेंब नव्हता. पिण्याचे पाणी मुख्य भूमीवरून येई. कड्यावरून उड्या टाकून जीव देणाऱ्या मजुरांचे उल्लेख या वृत्तांतांत वारंवार आढळतात.

याच ग्वानोच्या उत्पन्नातून पेरूचे अध्यक्ष रामोन कास्तिया यांनी १८५४ मध्ये गुलामगिरी रद्द केली व गुलामांच्या मालकांना नुकसानभरपाई दिली. मुक्त झालेल्यांच्या हाती त्यातील काही पडले नाही. एका प्रकारची वेठ संपवण्याचा खर्च दुसऱ्या प्रकारच्या वेठीतून भागवला गेला, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

१८५६ मध्ये अमेरिकेने ग्वानो असलेल्या निर्जन बेटांवर आपल्या नागरिकांना हक्क सांगण्याची मुभा देणारा कायदा केला. १८६४ मध्ये स्पेनच्या आरमाराने चिंचा बेटेच ताब्यात घेतली. १८६० च्या दशकात पेरूच्या सरकारी महसुलाचा निम्म्याहून अधिक हिस्सा ग्वानोवर अवलंबून होता. चार दशकांत एक कोटी टनांहून अधिक माल देशाबाहेर गेला आणि १८७० च्या दशकात चिंचा बेटांवरील जुने थर संपले. त्यानंतरची कथा सोरामिठाची व १८७९ मध्ये सुरू झालेल्या पॅसिफिक युद्धाची आहे. येथे तिचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही.

विष्ठेतून केंद्रकाकडे

ग्वानीनला नाव मिळाल्यानंतर जवळजवळ तीस वर्षे त्याची गणना प्राण्यांच्या उत्सर्जित द्रव्यांतच होत राहिली. कोळ्याच्या विष्ठेत ते सापडले. माशांच्या खवल्यांची रुपेरी चमक ग्वानीनच्या स्फटिकांमुळे असते हे कळले. (सतराव्या शतकापासून पॅरिसचे कारागीर अशाच खवल्यांच्या सत्त्वापासून कृत्रिम मोती बनवत आले होते. म्हणजे वस्तू म्हणून ग्वानीनचा व्यापार नावाच्या कितीतरी आधीचा आहे.) आडोल्फ श्ट्रेकर यांनी १८६१ मध्ये ग्वानीनचे विघटन करून ग्वानिडीन मिळवले. ग्वानोचे नाव असे दुसऱ्या संयुगालाही चिकटले.

१८७४ मध्ये बाझेल येथील झ्यूल पिकार यांना ऱ्हाईन नदीतील सामन माशांच्या शुक्रद्रव्यात ग्वानीन आढळले. मीशरने ज्या द्रव्यावर काम केले होते, तेच हे द्रव्य. शुक्रपेशी म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रक. तिच्यात टाकाऊ नत्र साठवून ठेवण्याचे काही कारण नव्हते. त्यामुळे हा शोध ग्वानीनच्या इतिहासातील खरा वळणबिंदू मानला पाहिजे. पाठ्यपुस्तकांत पिकार यांचे नाव क्वचितच दिसते.

या धाग्याचा पद्धतशीर पाठपुरावा आल्ब्रेख्ट कोसेल यांनी केला. १८७९ पासून न्यूक्लीनचा अभ्यास करीत असताना त्यांनी दाखवून दिले, की ग्वानीन व त्याच्या जातीची क्षारके प्रथिनांच्या विघटनातून येत नसून न्यूक्लीनचेच घटक आहेत. १८८५ मध्ये त्यांनी बैलाच्या स्वादुपिंडातून ॲडेनीन वेगळे केले. पुढे थायमीन व सायटोसीन यांची भर पडली आणि १९०० मध्ये कोसेल यांच्याच प्रयोगशाळेत आस्कोली यांना यूरॅसिल मिळाले. १९१० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कोसेल यांना मिळाले. दरम्यान एमील फिशर यांनी यूरिक आम्ल, झँथीन, ॲडेनीन व ग्वानीन ही सर्व ‘प्यूरीन’ या एकाच सांगाड्यावर उभी असल्याचे सिद्ध करून प्रयोगशाळेत त्यांची निर्मितीही केली.

पाच क्षारके हाती आली, त्यांची घडण कळली, आणि तरीही न्यूक्लिक आम्लाचे कार्य कळले नाही. त्याला बऱ्याच अंशी कारणीभूत झाली ती फीबस लीव्हीन यांच्या नावाने ओळखली जाणारी चतुर्न्यूक्लिओटाइड उपपत्ती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील लीव्हीन हे सामान्य संशोधक नव्हते. राइबोज व डीऑक्सिराइबोज या दोन्ही शर्करांची ओळख त्यांनीच पटवली. परंतु चारही क्षारके समप्रमाणात असून त्यांचा तोच तो क्रम पुनःपुन्हा येतो, या त्यांच्या गृहीताने न्यूक्लिक आम्ल हा एक नीरस, अर्थहीन पदार्थ ठरला. चार अक्षरे नेहमी एकाच क्रमाने येत असतील, तर त्यांतून कोणताही मजकूर लिहिता येणार नाही. त्या काळच्या मोजमापांतील चुका इतक्या मोठ्या होत्या, की प्रमाणे समान नसतानाही समान भासत. उपपत्तीपेक्षाही तिला मिळालेला अढळपणा अधिक हानिकारक ठरला.

ॲव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये न्यूमोनियाच्या जीवाणूंतील आनुवंशिक बदल डीएनएमुळे घडतो हे दाखवले, तेव्हा ते वाचून एर्विन शारगाफ यांनी कोलंबिया विद्यापीठातील आपल्या संशोधनाची दिशाच बदलली. पेपर क्रोमॅटोग्राफीच्या साहाय्याने त्यांनी निरनिराळ्या सजीवांच्या डीएनएतील क्षारके मोजली. प्रमाणे जातीजातीनुसार बदलत होती. चतुर्न्यूक्लिओटाइड उपपत्ती तेथेच कोसळली. मात्र प्रत्येक नमुन्यात ग्वानीन सायटोसीनइतके आणि ॲडेनीन थायमीनइतके येत होते. १९५० मधील आपल्या लेखात शारगाफ यांनी ही समानता नोंदवली, पण ती योगायोगाहून अधिक आहे की नाही याविषयी मत देण्याचे त्यांनी टाळले.

पाठ्यपुस्तकातील एक हायड्रोजन

फेब्रुवारी १९५३ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स वॉटसन क्षारकांच्या जोड्या जुळवत होता. ग्वानीनचा रेणू कागदावर दोन प्रकारे काढता येतो. एका रूपात ऑक्सिजन कार्बनशी दुहेरी बंधाने जोडलेला असतो व फिरता हायड्रोजन शेजारच्या नायट्रोजनवर असतो. याला कीटो रूप म्हणतात. दुसऱ्या, ईनॉल रूपात तोच हायड्रोजन ऑक्सिजनवर असतो. तत्कालीन प्रमाणभूत पुस्तकांत ईनॉल रूपच छापलेले असे, आणि वॉटसनने ते तसेच उचलले होते. त्यावरून त्याने समानाशी समान, म्हणजे ग्वानीनशी ग्वानीन, अशी जुळणी बसवली.

ही जुळणी एक दिवसही टिकली नाही. त्याच खोलीत बसणारे अमेरिकी स्फटिकशास्त्रज्ञ जेरी डॉनह्यू यांनी ईनॉल रूप चुकीचे असल्याचे सांगितले. पुस्तकांत ते केवळ परंपरेने छापले जाते, पुराव्याने नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. कीटो रूप घेऊन पुठ्ठ्याचे तुकडे पुन्हा जुळवताच ग्वानीन सायटोसीनसमोर आणि ॲडेनीन थायमीनसमोर बसले आणि दोन्ही जोड्यांची रुंदी सारखीच भरली. शारगाफ यांच्या आकड्यांचा अर्थ तेव्हा उलगडला. रोझालिंड फ्रँकलिन व रेमंड गॉसलिंग यांच्या क्ष-किरण चित्रांवरून सर्पिलाची मोजमापे आधीच उपलब्ध झालेली होती.

येथे दोन पूर्वसुरींचा उल्लेख आवश्यक आहे. जून ब्रूमहेड यांनी त्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ग्वानीन हायड्रोक्लोराइडच्या स्फटिकाची रचना निश्चित करून १९५१ मध्ये ती प्रसिद्ध केली होती. आणि नॉटिंगहॅम येथे मॅसन गलंड, जॉर्डन व क्रीथ यांनी १९४७ मध्येच डीएनएतील क्षारके परस्परांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेली असल्याचे दाखवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गलंड रेल्वे अपघातात मरण पावले आणि ते काम तेथेच खुंटले. लोकप्रिय कथनात ही दोन्ही कामे जवळजवळ गाळली जातात. वस्तुतः एका खोलीतील संभाषणाला जो पाया लागला तो अशाच कामांतून तयार झाला होता.

२५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मधील लेखाने कीटो रूपाची निवड पक्की केली. मात्र वॉटसन व क्रिक यांच्या मूळ मांडणीत ग्वानीन व सायटोसीन यांच्यात दोनच हायड्रोजन बंध होते. तिसरा बंध १९५६ मध्ये लायनस पॉलिंग व रॉबर्ट कोरी यांनी मोजमापांच्या आधारे दाखवून दिला. ग्वानीन व सायटोसीन यांचे प्रमाण जितके अधिक, तितके डीएनएचे दोन धागे सुटण्यास अधिक तापमान लागते, हे पुढे मार्मर व डोटी यांनी सिद्ध केले. याला तिसऱ्या बंधाबरोबरच क्षारकांच्या एकावर एक रचलेल्या चवडीतील आकर्षणही कारण आहे. १९६२ पासून एखाद्या जीवाच्या डीएनएतील ग्वानीनचे प्रमाण केवळ तो डीएनए तापवून काढता येऊ लागले.